टिटवी ऐकवणारा हेडफोन

जरा तो टीव्ही बारीक करा, म्हणजे मला नीट बोलता येईल. मी एक हेडफोन आहे, पण मोबाइलबरोबर गळ्यात लोंबकळणारा तसला नाही. माझ्या दोन वाट्या चांगल्या जाड आहेत, कडेला मऊ गादी आहे, आणि दोन्ही वाट्यांवर बाहेरून हरभऱ्याएवढा माइक आहे. ट्रॅक्टरचा आवाज अडवायचा, माणसाचा आवाज आत सोडायचा आणि मधूनमधून गाणी ऐकवायची, ही माझी नोकरी. माझे मालक मोशीचे भिमाजी. त्यांच्या पत्नी शालनबाई मला हेडफोन म्हणत नाहीत. त्या मला 'कानझाकणं' म्हणतात.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. खोका उघडला तेव्हा मी चाकणला, नागसेनच्या दुकानात होतो. एका बाजूला सेफ्टी शूज, दुसऱ्या बाजूला हातमोजे. कंपन्यांची माणसं यायची, कानात घालायची बोंडं शेकड्यानं घेऊन जायची. माझ्याकडे कुणी बघायचं नाही.

दुकानाच्या कोपऱ्यात नागसेनचे वडील ज्ञानदेव बसलेले असायचे. एकतीस वर्षं त्यांनी फोर्जिंगच्या कारखान्यात, हातोड्याच्या मशीनशेजारी काढली होती. आता त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. नागसेन कागदावर 'चहा?' असं लिहायचा आणि ते मान हलवायचे. मला वाटायचं, बापाशी सगळे असंच बोलत असतील.

एके सकाळी दुकानासमोर ट्रॅक्टर थांबला. वरून भिमाजी उतरले, पाठोपाठ त्यांची मुलगी उत्कर्षा. ती चाकणच्याच एका कंपनीत प्रेस शॉपला, पत्र्याला आकार देणाऱ्या मशीनवर आहे. तिथं कानाला काही लावल्याशिवाय आत पाऊल टाकू देत नाहीत.

"मागच्या आठवड्यात आप्पा ट्रॅक्टर मागं घेत होते," ती नागसेनला सांगू लागली. "आई डबा घेऊन मागं उभी. चार हाका मारल्या तिनं. यांना पत्ताच नाही. शेवटी तिनं पाठीत कांदा मारला."

"दोन," भिमाजी म्हणाले. "पहिला चुकला."

ते हसले खरे, पण मिशीवर गेलेला हात तिथंच राहिला. चाक शालनबाईंपासून हातभर अंतरावर थांबलं होतं.

नंतर त्यांनी कान तपासून घेतले होते. बारीक आवाज बरेचसे गेले होते. गेलेलं परत येत नाही, राहिलंय ते सांभाळा, असं डॉक्टर म्हणाले होते.

"पण मला एक सांगा," भिमाजी नागसेनला म्हणाले, "आदीच कमी ऐकू येतंय, त्यात तुमी कान झाकायला सांगताय. आन् इंजिन मी कानानंच चालवतो. त्याचा सूर बदलला की मला कळतंय."

तरी त्यांनी एक हेडफोन उचलला. चकचकीत, निळा दिवा लागणारा, गाणं छातीत वाजवणारा. नागसेननं तो हळूच काढून घेतला.

"काका, हा आवाज अडवत नाही. इंजिनावर गाणं ऐकू यावं म्हणून तुम्ही ते मोठं करणार. म्हणजे कानावर दोन ट्रॅक्टर."

मग त्यानं दोन नग पुढं ठेवले: एक साधा, नुसता कान बंद करणारा, आणि एक मी.

"दुकानात सगळंच गप असतंय. हितं काय कळणार?" असं म्हणून भिमाजींनी बाहेर जाऊन ट्रॅक्टर सुरू केला. अर्धा तास तो धडधडत होता. शेजारच्या टपरीवरचे लोक चहाचे ग्लास घेऊन बघायला आले.

आधी साधा नग. टोपीची कड गादीखाली यायची आणि फटीतून आवाज आत शिरायचा, म्हणून टोपी वर सरकवली. चष्म्याच्या काड्या नीट बसवल्या. मग मात्र सगळं शांत. उत्कर्षा मागं जाऊन "आप्पा" म्हणून ओरडली. भिमाजी समोरच बघत राहिले. तिनं पुढं येऊन सांगितलं तेव्हा त्यांनी तो स्वतःच काढून ठेवला.

आता माझी पाळी. मला धाकधूक वाटत होती. पातेल्यावर झाकण ठेवावं तसा मी इंजिनाचा आवाज दाबून धरला, सूर कळेल एवढाच आत सोडला आणि माइक उघडे ठेवले. उत्कर्षा पुन्हा मागं गेली. या वेळी ओरडली नाही, नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आप्पा, चहा घेणार का?"

"बिनसाखरेचा," भिमाजी मागं न बघता म्हणाले.

टपरीवरचे लोक हसले. ज्ञानदेव कोपऱ्यातून हे सगळं बघत होते. ते उठून आले, माझी पट्टी एक घर घट्ट केली, भिमाजींच्या कानावरचे केस बाजूला सारून मला नीट बसवलं. मग कागद घेतला आणि एकच शब्द लिहिला: 'रोज.' भिमाजींनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. मी त्यांचा झालो.

पण रोज काही झालं नाही. चौकात कुणी म्हणे, "भिमाजीराव, विमान घेतलं का काय?" मग ते मला काढून लिव्हरला अडकवायचे. शिवाय माझ्यावर त्यांची तक्रार होती. ढोलकीचं गाणं लागलं की ते आवाज वाढवायचं बटण दाबत राहायचे. एका मर्यादेपुढं मी आवाज वाढवत नाही. "लई कंजूस हाय हे," ते शालनबाईंना म्हणाले.

मे महिन्यात ते सोपानरावांच्या रानात भाड्यानं नांगरट करत होते. चाकणच्या पुढं, एका कंपनीच्या भिंतीला लागून ते रान आहे. त्या दिवशी मी कानावर होतो. एक गाणं संपलं, दुसरं सुरू व्हायच्या आत माझ्या माइकमध्ये आवाज आला: टी-टी-टिव, टी-टी-टिव.

भिमाजींनी गाणं थांबवलं. मला कानावरून उचललं, तर नुसती धडधड. परत लावलं, तर टिटवी. त्यांनी इंजिन बंद केलं आणि खाली उतरले.

पुढच्या चाकापासून दोन हातांवर, उघड्या ढेकळांत चार अंडी होती. मातीच्याच रंगाची, काळ्या ठिपक्यांची. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती. भिमाजी उकिडवे बसले. सोपानराव धावत आले.

"काय झालं? गाडी बंद पडली का?"

"न्हाई. मला वाटायचं, टिटव्या गेल्या ह्या भागातनं. कंपन्या आल्या, बिल्डिंगी आल्या, गेल्या आसतील. सोपानराव, त्या हुत्याच की हितं. मलाच ऐकू येत नव्हत्या." अंड्यांकडं बघत ते म्हणाले, "किती घरट्यांवरनं नांगर गेला आसंल, कुणास ठाऊक."

चार काठ्या रोवून बाजेएवढी जागा तशीच सोडली. सोपानराव कुरकुरले, पण तिसऱ्या आठवड्यात पिल्लं निघाल्याचं त्यांनीच आपण होऊन फोन करून कळवलं. त्या दिवसापासून मी लिव्हरला लटकलो नाही.

याला तीन वर्षं झाली. माझ्या गाद्या दोनदा बदलल्या आहेत, डाव्या वाटीला चिकटपट्टी आहे. भिमाजींचा कान तेव्हा होता तेवढाच आहे, आणि डॉक्टर त्यालाच कमाई म्हणतात. तुमच्यात कुणी दिवसभर मशीनवर बसत असेल, तर मला एवढंच सांगायचं आहे. 'आवाजाची सवय झालीय' असं म्हणू नका. ती सवय नसते, कान जात असतो.

आता माझ्या कामात भर पडली आहे. शालनबाई ट्रॅक्टर शिकताहेत. काल त्यांनी पदर खोचला, माझी पट्टी दोन घरं लहान केली आणि सीटवर बसल्या. भिमाजी बांधावरून सांगू लागले, "क्लच हळू. डावीकडं. आगं, डावीकडं म्हनलं की. आता नांगर टाक."

"अवो, समजतंय मला," शालनबाई म्हणाल्या. बांध मागं पडेपर्यंत त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं. मग समोर नजर टाकली, मोकळं रान होतं. त्यांनी माझं बाहेरच्या माइकचं बटण दाबून बंद केलं आणि गाणं लावलं. भिमाजी हातवारे करत बोलत राहिले. आम्ही दोघं गाणं ऐकत रानाच्या टोकापर्यंत गेलो, आणि वळताना बाईंनी मागं पाहिलं, तर नांगराची रेघ सुतासारखी सरळ पडली होती.