पोळ्याच्या दिवसाचा आवाज

केबलचं टोक एका बाजूला किंचित मुडपलेलं होतं, इंग्रजी एल अक्षरासारखं, म्हणजे ते उलटं बसूच नये – रामलिंगनं ते चिमटीत धरून खिडकीच्या उजेडात पुन्हा एकदा पाहिलं आणि ते बनवणाऱ्या माणसाचं त्याला मनापासून कौतुक वाटलं. चुकायला जागाच ठेवली नाही पठ्ठ्यानं. नांदेडात चाळीस वर्षं त्यानं पाण्याच्या मोटारी भरल्या, जळकी काळी तार उपसून नवी तांब्याची गुंडाळली. पण तिथं वेढा उलटा पडला तर मोटार जळाल्यावरच कळायचं...

गेल्या वर्षी दुकान बंद केलं. हात रिकामे राहीनात. म्हणून बासष्टाव्या वर्षी हा पहिला कॉम्प्युटर, स्वतःच्या हातानं जोडलेला – लातूरला लेकीकडे पाठवायचा, नात आरतीसाठी. आठ दिवस तो मोबाइलवर व्हिडिओ बघत होता, थांबवून, मागं नेऊन, पुन्हा बघत. काल नव्या डिस्कवर विंडोज चढली तेव्हा तो एकटाच टाळी वाजवून हसला होता. आता राहिली होती ती जुनी हार्ड डिस्क, साठवणीसाठी. लेक दीपमाला अकरावीत असताना घेतलेल्या कॉम्प्युटरची. तो कॉम्प्युटर केव्हाच भंगारात गेला. डिस्क मात्र त्यानं नटबोल्टच्या डब्यात जपून ठेवली होती.

परवा फोनवर त्यानं लेकीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "अप्पा, ती डिस्क हाय अजून?"

"हाय की. चांगली हाय."

"लावा मग. पण आधी फॉरमॅट करून सगळं पुसून टाका. उघडून बघत बसू नका."

तो हसला होता. असतील मैत्रिणींचे फोटो, पोरीबाळींच्या गमती.

त्यानं केबल बसवली, चार स्क्रू आवळले, बटण दाबलं. डिस्क आतल्या आत घरघरली आणि फिरायला लागली. पंधरा-सोळा वर्षांनी! पडद्यावर डिस्कचं चिन्ह उमटलं तेव्हा त्याच्या अंगावर काटा आला. आता माउसचं उजवं बटण, मग फॉरमॅट... पण जळकी मोटारसुद्धा तो उघडून नीट बघितल्याशिवाय उपसत नसे. शिवाय स्पीकर तपासायचे होते, त्यासाठी एखादं गाणं हवंच होतं.

एका फोल्डरवर इंग्रजीत लिहिलं होतं – अप्पा.

त्याला गहिवरून आलं. आपल्या नावानं पोरीनं काहीतरी ठेवलं होतं. आत नुसत्या आवाजाच्या फायली, साठ-सत्तर, प्रत्येकीला तारीख. एकीपुढं लिहिलेलं – पोळा. तो पोळा त्याला लख्ख आठवत होता. कॉम्प्युटर घेऊन आठवडा झाला होता, पुरणपोळ्या, सगळे हसत होते, त्याच्या संसारातला इतका चांगला दिवस दुसरा सांगता आला नसता. त्यानं ती फाईल लावली.

आधी खरखर. मग एक माणूस ओरडायला लागला.

आवाज जाड, घशातून फाटत येणारा. शेजारचे अमृतराव असणार, रामलिंगला वाटलं. भिंतीपलीकडून त्यांचं रोजचंच होतं, आणि तो बायकोला, गुणाबाईला म्हणायचाही, बघ, तुझं नशीब चांगलं. पोरीनं अमृतरावांचा आवाज कशाला भरला? "पुरण करपतंय आन् तू दारात गप्पा हाणती?" तो माणूस ओरडत होता. "आन् तू गं, तोंड वर करून काय बघती? माझ्या घरात मलाच हसती?" कोण असेल ती बिचारी, त्या घरात... असं त्याच्या मनात येईतो त्या आवाजानं हाक मारली – "दीपे!"

आणि ताट. स्टीलचं ताट फरशीवर आदळलं आणि कडेवर गरगर फिरत राहिलं, फिरत राहिलं, तो आवाज संपेचना.

ते ताट हातातून निसटलं होतं. त्याला आठवत होतं – निसटलं होतं. पण निसटलेलं ताट असं वाजत नाही, हे मोटारीच्या आवाजावरून तिचा बिघाड सांगणाऱ्या त्याच्या कानांना कळत होतं, त्याची परवानगी न घेता कळत होतं. मग शांतता. मग माईकच्या अगदी जवळ कुणाचा तरी श्वास, आणि सोळा वर्षांच्या मुलीची कुजबुज, नोंद केल्यासारखी: "आज लवकर संपलं."

माझा आवाज? मी असा? खिडकीतून रस्त्यावरच्या रिक्षा दिसत होत्या, त्यांचा आवाज मात्र कुठंतरी लांब गेला होता.

गुणाबाई दारात उभी होती, हाताला ज्वारीचं पीठ. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, आणि हेच त्याला सगळ्यात भयंकर वाटलं.

"तुला म्हाईत होतं?"

"हाव. कानाला ते माईकचं हेडफोन लावून बसायची आन् भरून घ्यायची. म्हनायची, कधीतरी अप्पाला ऐकवीन."

"मग ऐकवलं का न्हाई?"

गुणाबाईनं हातावरचं पीठ अंगठ्यानं चोळून पाडलं. "तुमी ऐकून घेतलं असतं?" ती म्हणाली. रागानं नाही, भाकरी एक का दोन, असं विचारावं तसं. आणि आत गेली.

त्यानं फोल्डरवर उजवं बटण दाबलं. यादी उघडली, तीत 'डिलीट'ही होतं. पोरीनं हेच सांगितलं होतं. पण ते त्याला वाचवण्यासाठी, की तिची तिलाच लाज... छे, तिला कसली लाज? पुसलं तर ते कुणाकुणाच्या डोक्यातून पुसलं जाणार होतं? आणि बाकीच्या तारखा. त्यातल्या एकीचंही त्याला काही आठवत नव्हतं. इतके दिवस तो त्याच घरात राहिला होता ना? मग कोणत्या घरात राहिला होता?

त्यानं यादी तशीच बंद केली. काहीतरी बोलायला हवं होतं. पण तोंड उघडायचीच त्याला भीती वाटली, जणू घशात कुणी दुसराच बसला होता. त्यानं जितक्या हळू जमेल तितक्या हळू हाक मारली, "गुणा..."

स्वयंपाकघरातला नळ तत्क्षणी बंद झाला. भांड्यांचा आवाज थांबला. बांगड्यासुद्धा थांबल्या.

आजवर त्याला याचाच अभिमान होता. चारचौघांत सांगायचा, आमच्या घरात एका हाकेत सगळं शांत. आता ती शांतता तो पहिल्यांदाच ऐकत होता – तिच्या पलीकडे एक बाई श्वास रोखून उभी होती, पुढचा शब्द कसा येतो याची वाट बघत – आणि पुढचा शब्द त्याला सापडत नव्हता.