छत्तीस अश्वशक्ती

रोलरवर फिरणारी जीपची चाके थांबली. ब्राह्मी मगदूम यांनी पडद्यावरचे आकडे पुन्हा पाहिले. कराडच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील वाहन प्रयोगशाळा त्या सांभाळत.

"इंजिन उत्तम बांधलंय, लालासाहेब. साठ अश्वशक्ती देतंय. चाकांपर्यंत मात्र छत्तीसच पोचतात."

"मधली चोवीस कुणी खाल्ली? टोलनाका हाय का आत?" सैन्यात वीस वर्षे गाड्या चालवलेले लालासाहेब हसले.

"थोडी सगळ्याच गाड्यांत जाते. दहा-बारा गेली असती तर मी बोललेच नसते. मागच्या डिफरन्शियलला हात लावा."

मागच्या चाकांमधल्या त्या दंतचक्रांच्या पेटीला त्यांनी हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"हरवलेली ताकद ही अशी तापते. आतले दात झिजलेत. एव्हाना आवाज यायला हवा होता."

आवाज येत होता. गेल्या वर्षी चढणीला गाडी कण्हे, आत बसलेल्या बायका घाबरत. तेव्हा लालासाहेबांनीच आत ग्रीस दाबून भरले होते. गाडी गप्प झाली, सर्वांना बरे वाटले. आता त्यांनी ते खाली मान घालून सांगितले.

"दुसरं डिफरन्शियल बसवता येईल?" ब्राह्मींनी विचारले.

"सांगली-कोल्हापूरचं समदं भंगार उलथं केलं, बाई. ह्या गाडीचं कायबी मिळत न्हाई."

"मग तुमच्याशिवाय चारच माणसं, आणि दिवसाला जाऊन-येऊन एकच खेप. जास्त घेतलीत तर दात चढणीवरच तुटतील."

रस्ता खचल्यापासून लालासाहेबांच्या पठारवाडीला एसटी नव्हती. सोमवारी आणि गुरुवारी जीपमधून डायलिसिसचे पाच रुग्ण आणि सोबतीचे चौघे कराडला येत.

दुपारी रुग्णालयाच्या दारात सारे जीपमध्ये बसले. लालासाहेबांना तिथे बोलवेना. चढणीच्या पायथ्याशी गाडी थांबवून त्यांनी सगळे सांगितले. सोबतीचे चौघे उतरून चालू लागले. उरलेले पाचजण एकमेकांकडे पाहीनात.

"माझं अडीच किलो पानी काढलंय आज. हलकी झालीय मी," म्हातारी राहीबाई म्हणाली. कुणी हसले नाही. मग ती पुटपुटली, "मला न्हाई चालवायचं रं, लाला."

"मी जाते, मामा. तरणी हाय मी," पाच रुग्णांतली सर्वांत लहान अंकिता म्हणाली. पट्टी बांधलेला हात छातीशी धरून ती उतरली.

पहिल्या वळणावर लालासाहेबांनी आरशात पाहिले. अंकिता रस्त्याकडेला खाली बसली होती, डोके गुडघ्यांत घालून. त्यांचा पाय ब्रेकवर गेला. चढणीवर थांबले असते, तर गाडी पुन्हा निघाली नसती. त्यांनी पाय उचलला.