नावाने शोधलेलं जहाज

मी अरवाद बेटावरच्या अबू शकीबच्या इंटरनेटच्या दुकानातला थोरला संगणक बोलतोय. थोरला वयाने, अकलेने म्हणाल तर ठोंब्या. विचाराल तेवढंच सांगतो आणि चुकीच्या जागी विचारलंत तरी तोंड वर करून काहीतरी पुढे करतोच. माझी ही खोड एका घराला फार महागात पडली.

इथे आलो तो वापरलेलाच. आधी समोरच्या किनाऱ्यावर तार्तूस शहरात एका वकिलाकडे होतो. त्याने नवा घेतला आणि मला बोटीने इकडे धाडलं. खाऱ्या हवेने माझे स्क्रू गंजले. बेटावर वीज मोजके तास येते, आणि तेवढ्यात सगळ्यांना आपापल्या माणसाची खबर हवी असते, कारण इथे घरटी एक तरी जण जहाजावर असतो.

उम्म रिद्वान, म्हणजे रिद्वानची आई, रोज यायची. तिचा रिद्वान ‘सल्वा’ नावाच्या मालवाहू जहाजावर इंजिनात काम करायचा. त्याचा शेवटचा निरोप होता, आई, मालक बदललाय, काही दिवस फोन लागणार नाही. त्याला पाच महिने झाले होते. नोकरी लावून देणारा दलाल फोन उचलत नव्हता.

ती एका बोटाने लिहायची: सल्वा जहाज. मी नेहमीच्या शोधखिडकीत धावायचो आणि आणायचो काय, तर सल्वा हॉटेल, सल्वा साबण, लग्नात गाणारी कुणी सल्वा. ती साबणाचं पानसुद्धा शेवटपर्यंत वाचायची, न जाणो खाली काही असेल. मग रिद्वानने डेकवरून पाठवलेला फोटो उघडून बघत बसायची. मला माझीच लाज वाटायची.

एका सकाळी शेजारच्या खुर्चीवर कप्तान हिक्मत मत्तेचा कडू चहा पीत बसला होता. चाळीस वर्षं समुद्रावर काढलेला, तोंडाचा फटकळ.

“उम्म रिद्वान, काय शोधतेस?”

“जहाज. आणखी काय शोधणार मी?”

“नावाने? अगं, मालक बदलला की आधी नाव खरवडतात. नंबर मात्र जहाज मोडीत निघेपर्यंत तोच. नंबर सांग.”

“मला कुठला ठाऊक असायला?”

कप्तानने फोटोवर बोट ठेवलं. रिद्वानच्या डोक्यामागे जहाजाच्या पांढऱ्या भिंतीवर सात आकडे ठळक रंगवलेले होते. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच. पाच महिने ती रोज ते आकडे बघत होती, आणि मीही.

कप्तानने जहाजांच्या नकाशाचं पान उघडून आकडे टाकले. मी क्षणात शोधून दिलं. नाव नवं, झेंडा नवा. साडेचार महिने ते तांबड्या समुद्रातल्या एका बंदराबाहेर एकाच जागी नांगरलेलं होतं, किनारा डोळ्यांना दिसेल इतका जवळ. मालक असं जहाज सोडून देतो आणि खलाशी त्यावर उपाशी अडकतात, कप्तान म्हणाला. त्यांना सोडवणारी माणसं असतात, आणि त्यांचा फोन नंबर त्याच्या खिशातल्या वहीत होता. पण जहाजाचा शेवटचा संकेत बारा दिवसांपूर्वीचा होता.

मग त्याने तोच नंबर बंदराच्या अपघातनोंदींत टाकला. वादळात नांगराची साखळी तुटून जहाज खडकांवर फुटलं होतं. नऊ खलाशी. एकही सापडला नव्हता.

“आणि मी महिन्यापूर्वी तुला विचारलं असतं तर?” उम्म रिद्वानने विचारलं.

कप्तानने काढलेली वही परत खिशात सारली. उत्तर आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

आता माझा पडदा मधूनच काळा होतो. पुढच्या बोटीने मला भंगारात द्यायचं अबू शकीबने ठरवलंय. जाण्याआधी एवढंच सांगतो: बाबांनो, काय विचारायचं यासोबत कुठे विचारायचं हेही ठरवत जा. मी रिकाम्या हाताने परत आलो तर ते माणूस जगात नाही असं समजू नका. बहुतेक वेळा मला चुकीच्या दारावर पाठवलेलं असतं.

उम्म रिद्वान हेच सगळ्या बेटाला शिकवते. कुणाचा मुलगा जहाजावर चढला की त्याच्या आईला धरून माझ्यापुढे बसवते, नंबर लिहून घ्यायला लावते, नकाशाचं पान उघडून देते. सगळ्या गेल्या की स्वतः मात्र जुन्याच खिडकीत जुनंच नाव लिहिते. मी पानं आणतो. जहाज त्यांत नसतं. ती उठते, ओढणी सावरते आणि अबू शकीबने न विचारताच त्याला सांगते, “अजून काही कळलं नाही.”