लाल पट्टीतलं घर

मरोळच्या एका छोट्या कंपनीत दिशा नकाशांच्या सॉफ्टवेअरसाठी प्लगिन, म्हणजे त्याला जोडायचा छोटा प्रोग्राम, लिहीत होती. किती पावसात टेकडीचा कुठला उतार खचू शकतो, ते त्यातून कळणार होतं. पण तिच्या कोड एडिटरला त्या सॉफ्टवेअरची प्रोग्रामिंग भाषा, पायथनच, सापडत नव्हती. दोन दिवसांच्या खटपटीनंतर शेजारच्या टेबलावरच्या यज्ञेशने ती कुठे आहे त्याचा बरोबर पाथ टाकून दिला आणि सोमवारी दुपारी प्लगिन पहिल्यांदा चाललं.

स्क्रीनवर घाटकोपरची टेकडी आली आणि पायथ्याची एक पट्टी धोक्याच्या लाल रंगात रंगली. दिशाने नकाशा मोठा केला. त्या पट्टीत तिचं घर होतं.

"यज्ञेश, माझा कोड चुकलाय. बघ ना रे."

दोघांनी एडिटरमध्ये प्रोग्राम थांबवत एकेक ओळ तपासली. चूक सापडू दे, असं दिशा मनात म्हणत होती. आकडे बरोबर निघाले. बाहेर सकाळपासूनचा पाऊस थांबला नव्हता.

तिने घरी फोन लावला. "आई, बाबांना घेऊन आत्ताच्या आत्ता मालाडला मावशीकडे जा."

"गो, भात गॅसार आसा. काय झाला?"

"गॅस बंद कर आणि नीघ. शेजाऱ्यांनापण सांग."

शेजारी हसले. आईबाबा मात्र गेले. रात्री दिशाही मावशीकडेच गेली.

त्या दिवशी दरड कोसळली नाही. शुक्रवारी दिशा कपडे आणायला घरी गेली, तेव्हा मागच्या भिंतीत हात जाईल एवढी भेग पडली होती आणि तिच्यातून चिखल आत येत होता. कपडे तिथेच टाकून ती शेजाऱ्यांची दारं ठोठावत सुटली. या वेळी कोणी हसलं नाही.