जपून ठेवलेला ट्रान्समीटर

मी एक जुना ट्रान्समीटर आहे. छोट्या विमानाला जमिनीवरून हुकूम सोडणारा, दोन दांड्यांचा, लांब एरियलचा. मित्रांनो, मला खुशाल रिमोट म्हणा. फक्त टीव्हीच्या रिमोटच्या पंगतीला बसवू नका.

माझी मालकीण ताई. ती छापखान्यात मुद्रितं तपासायची आणि सुट्टीच्या दिवशी टेकडीवर बिनइंजिनाचं विमान उडवायची. तिचा मोठा भाऊ, दातांचा डॉक्टर, विमान हातानं भिरकावून द्यायचा. ते घारीसारखं तरंगायला लागलं की लोक माना वर करून ताईचं कौतुक करायचे आणि मी मनातल्या मनात फुगायचो.

मग माझी बॅटरी मेली. त्याच सुमारास डोळ्यांच्या डॉक्टरांनी ताईला सांगितलं, की नजर हळूहळू जाणार. जे बघायचंय ते बघून घ्या. ताईला बघायचं होतं ते आपलं विमान. दादानं दुकानांचे उंबरे झिजवले. माझ्या मापाची बॅटरी आता निघत नाही, नवाच सेट घ्या, असं सांगून सगळ्यांनी त्याला वाटेला लावलं. पण ताईची बोटं माझ्याच दांड्यांना सरावलेली. वर्षभरानं एका म्हाताऱ्या रेडिओवाल्याच्या खणात एक बॅटरी सापडली. शेवटचीच.

तिथंच घात झाला. दादानं ती मला बसवली, पुन्हा मिळायची नाही म्हणून मला प्लास्टिकमध्ये गुंडाळलं, चिकटपट्टी लावली आणि दातांच्या साच्यांशेजारी कपाटात कोंडलं. ताई दर आठवड्याला विचारायची, आज उडवू या का? दादा म्हणायचा, वारा फार आहे. कधी ऊन फार, कधी ढग. चांगल्या दिवसासाठी राखून ठेवू या, म्हणायचा.

आत माझा जीव गुदमरत होता. न वापरलेल्या बॅटरीला पाझर फुटला. हिरवट क्षार काळ्या वायरवरून इंच इंच वर चढत होता आणि मला ओरडता येत नव्हतं. पिशवी इतकी घट्ट, की वासही बाहेर जाईना. बाहेर ताईचा पाय खुर्चीला अडखळलेला मला ऐकू यायचा. असे दहा महिने गेले.

शेवटी ताईनंच एक दिवस कात्री चालवली. माझं पोट उघडल्यावर दादाला तो हिरवट क्षार दिसला. मग त्यानं दात कोरायच्या हत्यारानं मला स्वच्छ केलं, वायर बदलली आणि कोपऱ्यावरच्या दुकानातले आठ साधे पेन्सिल सेल एका खोक्यात भरून रबरानं माझ्या पाठीला बांधले. ध्यान दिसत होतो, पण दिवा लागला. हे तर पहिल्याच दिवशी जमलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही टेकडीवर गेलो. दादानं विमान सोडलं. ताईच्या बोटांनी ते बरोबर वळवलं, वर नेलं. मग बोटं थबकली.

"दादा, कुठंय रे ते?"

ते तिच्या समोरच होतं, उन्हात चमकत.

"ढगाआड गेलंय," दादा म्हणाला. "थोडं डावीकडे घे."

आकाशात एकही ढग नव्हता.

मित्रांनो, आम्हां वस्तूंना जरूर जपा. पण ज्याच्यासाठी जपता, त्याला आधी आम्हांला वापरू द्या.