लीनाची पाठराखीण

लातूरचा जिल्हा झाला त्या वर्षी गावात सगळ्यात जास्त मिजास कुणाला आली असेल, तर ती पेंटरांना. जो तो पाट्या बदलून घेत होता. पानटपरीवाल्यानंसुद्धा आपल्या फळीवर 'जि. लातूर' लिहून घेतलं. नळाला पाणी मात्र आठवड्यातून एकदा, तेही करंगळीएवढी धार. मी आमच्या मालकांना म्हटलं, जिल्हा आला तसं थोडं पाणीही मागून घ्यायचं होतं. ते म्हणाले, "शिवकांता, तुला कशातच गोडी दिसत न्हाई." कुठून दिसणार? मी डाळ मिलवाल्याच्या घरात नांदते, साखर कारखान्यात नाही.

अशा कोरड्या दिवसांत आमच्या मागच्या दोन खोल्यांत नॉर्वेचं एक मिशनरी कुटुंब भाड्यानं आलं. होल्म साहेब, त्यांची बायको बेरित आणि सात वर्षांची मुलगी लीना. साहेब रविवारी चार घरच्या लोकांना जमवून बायबल वाचत आणि उरलेला आठवडा मिशनच्या गाडीवर बसून खेडोपाडी बोअर पाडत. त्यामुळं त्यांना सगळे बोअरसाहेब म्हणत. पहिल्या महिन्यातच त्यांची मान गाजरासारखी लाल झाली. संध्याकाळी ते धुळीनं माखून आले, की बोअरला पाणी लागलं का फुफाटा, हे त्यांच्या चालण्यावरूनच कळायचं. बहुतेक वेळा फुफाटाच.

खोल्या देताना मालकांनी एकच अट घातली होती, घरात मांस, मासळी, अंडं शिजणार नाही. आम्ही लिंगायत. माझ्या सासूबाई लक्ष्मम्मा, म्हणजे आमच्या अव्वा, पहिले पंधरा दिवस काही ना काही निमित्त काढून त्यांच्या चुलीपाशी वास घेऊन येत. शेवटी स्वतःच मला म्हणाल्या, "बिचारे उकडलेले बटाटे खाऊन राहिले. त्यांला चटणी तरी दे गं."

बेरितबाई मराठी शिकून आली होती, पण पुण्याकडच्या कुणा पंडिताकडून. पहिल्याच दिवशी ती गवळ्याला म्हणाली, "आपण उद्यापासून आम्हांस दूध द्यावे, अशी विनंती आहे." गवळ्यानं मागं वळून पाहिलं, ही कुणाशी बोलतेय म्हणून. पाण्याचंही तसंच. तिनं अख्खी बादली ओतून फरशी पुसली, तेव्हा अव्वा डोकं धरून खाली बसल्या. मग त्यांनी तिला शिकवलं. भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पाणी परसातल्या बेलाला. बाई हुशार निघाली. उन्हाळा संपायच्या आत ती मलाच टोकू लागली, "शिवकांताताई, हे पाणी अजून चांगले आहे." मला राग यायचा, आणि तो आवरून मी ते पाणी ठेवून द्यायची.

लीनाला मात्र कुणी काही शिकवावं लागलं नाही. माझ्या सिंधुबरोबर ती दिवसभर गल्लीत असायची. अनवाणी चालायची, शेंगाच्या चटणीशी भाकरी खायची आणि कुणी हाक मारली की "आले की!" म्हणून ओरडायची. नाव आमच्यातलंच वाटावं असं, म्हणून अव्वांची सोय झाली होती. उन्हाळ्यात सगळे गच्चीवर झोपायचो. सकाळी बघावं, तर आपल्या मच्छरदाणीतून निघून पोरगी अव्वांच्या गोधडीत शिरलेली असायची.

मृग कोरडा गेला आणि तेव्हाच बेरितबाईनं पेटी आणली.

पत्र्याची, लाल रंगाची, कुलूप लावायची पेटी. बाईनं पेंटरला सांगितलं होतं, वर मुलीचं नाव घाला. पेंटरला रात्रंदिवस जिल्ह्याच्या पाट्या. त्यानं जास्त विचार केला नाही. लाल पेटी आणि मुलीचं नाव म्हटल्यावर त्याचा हात नेहमी जे लिहायचा, तेच त्यानं लिहिलं. दोन बाजूंना दोन पोपट, मध्ये कमळ आणि खाली ठसठशीत 'चि. सौ. कां. लीना'. बेरितबाईला ते फार आवडलं. तिला वाटलं, इकडं मुलांची नावं अशीच आदरानं लिहितात.

दुसऱ्या दिवशी ती भांडीवाल्याकडं गेली आणि एका ताटावर, वाटीवर, पेल्यावर लीनाचं नाव कोरून आणलं. तिसऱ्या दिवशी पिंजाऱ्याला बोलावून नवी गादी भरून घेतली. चार नवे झगे शिवायला टाकले.

आता तुम्हीच सांगा, गल्लीनं काय समजायचं?

कोपऱ्यावरची कमलम्मा माझ्याकडं आली, कुजबुजत. "नवरा कोन हाय गं? तिकडचाच का?" मी म्हटलं, येडी का काय, सात वर्षांची पोर ती. कमलम्मा म्हणाली, "गोऱ्यांत असंल तसं. आपल्यात न्हवतं का?" संध्याकाळपर्यंत ही बातमी मिलमधल्या हमालांपर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी दोन बायका लीनाला गडगनेराला, म्हणजे लग्नाआधीच्या जेवणाला, बोलवायला आल्या. लीना खुशीत जाऊन पुरणपोळी खाऊन आली. वर हिरव्या बांगड्याही भरून आली.

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. अव्वा ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. बेरितबाई पेटीत झगे घड्या करून ठेवत होती. मी सरळ विचारलं, "बाई, खरं सांगा. लीनाचं लगीन करायलाव का?"

"विवाह? लीनाचा?" बाईनं हातातला झगा खाली ठेवला. मग तिनं पेटीवरचं नाव, हिरव्या बांगड्या, गडगनेर असं सगळं मला एकेक विचारून घेतलं आणि इतकी हसली, की पेटीवरच बसली. मीही हसले. हसून झाल्यावर तिनं डोळे पुसत सांगितलं, "लीना शाळेत जाणार आहे. दक्षिणेत, डोंगरावर. आमच्या मिशनमधील सर्वांची मुले सात वर्षांची झाली की तेथे राहतात. नाताळात घरी येतात."

अव्वा हसल्या नव्हत्या. शेंगा फोडायचंही त्यांनी थांबवलं होतं.

"पेटी तीच की," अव्वा म्हणाल्या. "लगीन म्हना, का शाळा म्हना. लेकरू तर घरातनं जायचंच ना?"

अव्वांनी पुढं विचारलं, "आन् संगं पाठराखीण कोन जायलीय?"

हा शब्द पंडितानं तिला शिकवला नव्हता. मी समजावून सांगितलं. पूर्वी लहान वयात लग्नं व्हायची, तेव्हा पोरीला सासरी एकटी पाठवत नसत. माहेरची एखादी मोठी बाई तिच्याबरोबर जायची, महिना-दोन महिने राहायची. तिच्या शेजारी झोपायची, तिला घर ओळखीचं करून द्यायची आणि मग परत यायची. तीच पाठराखीण. अव्वा नवव्या वर्षी भालकीहून लातुरात आल्या, तेव्हा त्यांची विधवा मावशी अशीच संगं आली होती.

"लीनाचे वडील तिला पोहोचवतील," बेरितबाई म्हणाली. "दुसऱ्या दिवशी परत येतील. तेथे जास्त थांबलेले चांगले नसते. मुले शूर असतात. मीही शूर होते."

मग तिनं सांगितलं. तिचे आईवडीलही मिशनरीच होते, मादागास्करला. ती सात वर्षांची असताना तिला नॉर्वेत मिशनच्या वसतिगृहात ठेवून ते बोटीनं निघून गेले. आई पुन्हा भेटली तेव्हा बेरित आईपेक्षा उंच झाली होती.

"बंदरावर मी रडले नाही," ती म्हणाली. "सर्वांनी मला शाबासकी दिली."

"मी बी रडले न्हाई," अव्वा म्हणाल्या. "मला बी दिली."

दोघी एकमेकींकडं बघत बसल्या. एक सत्तरीची, एक तिशीची. मग अव्वांनी हळूच विचारलं, "मंग कवा रडलीस?"

बाई उठली आणि पेटी बंद करून आत गेली. मी अव्वांवर चिडले. म्हटलं, परक्या माणसाला असं विचारतात होय? त्यांचा धर्म वेगळा, रीत वेगळी, आपण कोण त्यात बोलणार? अव्वांनी शेंगांचं सूप माझ्याकडं सरकवलं आणि म्हणाल्या, "तू फोड."

लीनाला आधी पेटीचं कौतुक होतं. सिंधुला ती त्यात बसवून झाकण लावायची. पण निघायच्या आदल्या दिवशी दुपारी ती गादीची लांबी-रुंदी बघत उभी राहिली आणि आईला मराठीतच म्हणाली, "ही एवढीच हाय. तू कुठं निजशील?" बेरितबाईनं तिला जवळ घेतलं नाही. जवळ घेतलं असतं, तर पुढचं काही झालंच नसतं. ती नुसती चुलीवरचं पाणी उकळलं का ते बघायला गेली. मला तिचा इतका राग आला, आणि इतकी कीवही आली, की मी माझ्या पोरीला उगाच एक धपाटा घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोलापूरची एसटी होती. सोलापूरहून पुढं रेल्वे. निघायची वेळ झाली आणि अव्वा घरात नाहीत. देवघरात नाहीत, परसात नाहीत. मालकही नाहीत. लेकराला निरोप द्यायला नको म्हणून म्हातारी मठात जाऊन बसली असेल, असं मला वाटलं. मी, सिंधु, बेरितबाई आणि लीना दोन रिक्षांत सामान घालून स्टँडवर गेलो. साहेब पेटी घेऊन आधीच पुढं गेले होते.

गाडीच्या खिडकीत आमच्या अव्वा बसल्या होत्या.

कपाळाला विभूती, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, मांडीवर गाठोडं. शेजारच्या जागेवर त्यांनी गोधडी टाकून ठेवली होती, लीनासाठी. आमचे मालक खाली उभे राहून डोकं खाजवत होते. "पहाटंपासून मागं लागली," ते मला म्हणाले. "स्टँडवर सोड, न्हाई तर चालत जाते म्हनली."

"अव्वा, उतरा खाली," मी ओरडले. "भालकीच्या पलीकडं कधी गेल्या न्हाईत तुम्ही!"

"पाठराखीण चालले," त्या म्हणाल्या.

साहेब टपावर चढून पेटीला दोरी बांधत होते. ते वरूनच वाकून समजावू लागले. साहेब फार सज्जन माणूस. शाळा फार लांब आहे, थंडी असते, तिथं मोठ्या माणसांना राहता येत नाही, असं सगळं त्यांनी सांगितलं. अव्वांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"सासरचे बी पाठराखिणीला नगं म्हनत न्हाईत, साहेब," त्या म्हणाल्या. "शाळेवाले तर शिकल्याली मान्सं. मला एक कोपरा बास. भाकरी बांधून घेतल्यात, म्होरलं शिव बघंल. लेकरू रातच्याला घाबरून उठतंय, पानी मागतंय. पाठीवर हात ठिवल्याबगर परत निजत न्हाई. तितं तिचा हात कोन धरंल? महिनाभर निजते संगं. सवय झाली की येते परत."

बेरितबाई माझ्या शेजारी उभी होती. तिनं मला विचारलं, "लीना रात्री उठते?"

मी मान हलवली. गच्चीवर आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं. तिला ठाऊक नव्हतं, कारण लेकरू आईला उठवतच नव्हतं. आईनं शिकवलं होतं ना, शूर व्हायचं म्हणून.

बाईनं वर बघून साहेबांना काहीतरी सांगितलं, त्यांच्या भाषेत. साहेबांनी उत्तर दिलं. ती पुन्हा बोलली, या वेळी एकच शब्द. साहेब दोरी हातात धरून तसेच वाकलेले. कंडक्टर घंटीच्या दोरीला हात लावून उभा. माणूस सज्जन असला तरी नियमाचा होता, आणि मिशन हेच त्याचं घरदार होतं. शेवटी ते मराठीत बोलले. का कोण जाणे, कदाचित आम्हांलाही साक्षी ठेवायचं असेल.

"मिशनला काय सांगायचे?"

"मी सांगेन," बेरितबाई म्हणाली. "त्यांनी आपल्याला नॉर्वेला परत बोलावले तर जाऊ. तिघेही जाऊ."

साहेबांनी उन्हात डोळे बारीक करून तिच्याकडं पाहिलं. मग त्यांनी गाठ सोडायला घेतली. आपणच घट्ट मारलेली गाठ, लवकर सुटेना. मालक शिडीवर चढले आणि दोघांनी मिळून पेटी खाली घेतली.

"उतरा आता, अव्वा," मी म्हटलं.

अव्वा हलल्या नाहीत. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून बेरितबाईची हनुवटी धरली. "यंदापुरतं, का कायमचं? ते सांग. मंग उतरते."

"कायमचे," बाई म्हणाली. "लीना येथे राहील. सिंधुच्या शाळेत जाईल. माझ्याजवळ राहील." आणि तिला रडू फुटलं. साधंसुधं नाही. हंबरडा फोडून, गुडघ्यावर बसून, लीनाला छातीशी आवळून, अख्ख्या स्टँडसमोर ती रडली. अव्वा गाठोडं घेऊन उतरल्या आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसून त्याही रडू लागल्या. मी कोरडी राहणाऱ्यांतली, पण माझाही पदर भिजला. सोलापूरची गाडी धूळ उडवत निघून गेली.

फलाटावर पोतं घेऊन बसलेली एक खेडवळ बाई जवळ आली. तिनं पेटीकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं आणि कळवळून विचारलं, "कोन चाललंय माय?"

"कुनीच न्हाई," मी म्हटलं.

"मंग रडायलाव कामून?"

"त्याच्यापायीच," अव्वा म्हणाल्या.