घासणारं दार

सुताराच्या घरचं दार घासतं, यात नवल नाही. लोकांच्या चौकटी सरळ करता करता आपल्या घराकडे बघायला सवड कुणाला? मिस्त्रीच्या बाथरूमचं दार असंच फुगलं होतं. आत जाऊन लावलं की उघडताना जोर लावावा लागे. बायको म्हणायची, "अहो, जगाची दारं नीट करता, हे एवढं बघा की!" मिस्त्री म्हणायचा, "उद्या करतो." तो उद्या काही उजाडला नाही.

तिची आणखी एक भुणभुण असायची. वाचनालयाच्या वर दर शनिवारी संध्याकाळी दारू सोडणाऱ्यांची बैठक भरते, हे तिने कुठूनतरी शोधून काढलं होतं. "एकदा जाऊन तर बघा. मी खाली थांबते हवं तर."

"मी काय गटारात पडलेला दिसतो तुला?" मिस्त्री खेकसायचा.

ती गेल्यावर वर्षभराने मिस्त्री वाचनालयाच्या पायरीवर उभा राहिला. खांद्याला हत्यारांची पिशवी होती. ओळखीचं कुणी भेटलंच तर कामावर चाललोय म्हणता येईल, एवढ्यासाठी ती घेतली होती. दुपारी धीर यावा म्हणून एक घोटही घेतला होता. दारू सोडायला जायचं तेही दारू पिऊन, म्हणजे झालंच. त्याची त्यालाच लाज वाटली.

टेबलामागच्या ग्रंथपालाने विचारलं, "कोण हवंय?"

बैठक कुठे आहे, हे शब्द काही मिस्त्रीच्या तोंडून फुटेनात. त्याने नुसती पिशवी सावरली.

"दाराचं काम ना? वर जा. महिनाभर ओरडतायत ते."

वरच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं, खालून फरशीला घासत होतं. आत पाचसहा माणसं खुर्च्या गोल मांडून बसलेली. निवृत्त झालेली एक नर्सबाई उठून दारापाशी आली. बैठक तीच चालवायची.

"आलात का एकदाचे, मिस्त्री! इथे पाऊल टाकायला माणसाला आधीच वर्षं लागतात, त्यात हे दार आडवं येतं."

"कित्येक जण तर दार उघडत नाही म्हणून आनंदाने परत जात असतील," आतून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

खरं सांगायची हीच वेळ होती. मिस्त्रीने पिशवीतून पेचकस काढला.

बिजागऱ्या सोडवून त्याने दार काढलं आणि व्हरांड्यात आडवं ठेवलं. रंधा फिरू लागला, पायाशी ढलप्या पडू लागल्या. आत बोलणं सुरूच होतं. एक जण सांगत होता, मुलीच्या लग्नात तिनेच त्याला लवकर घरी पाठवून दिलं होतं. मिस्त्री मान वर न करता ऐकत होता. किती सोपं काम होतं हे! खालची कड थोडी तासायची, दार परत बसवायचं. एका संध्याकाळचंही काम नव्हतं.

वर्षापूर्वी बायकोच्या छातीत कळ आली होती ती बाथरूममध्ये. दार तिला ओढता आलं नाही. ती आतून थापा मारत राहिली आणि मिस्त्री बाहेर सतरंजीवर पिऊन पडला होता. शेजाऱ्यांनी दार तोडलं तोवर सगळं संपलं होतं. झोपेत काही कळलं नाही बिचाऱ्याला, असं लोक म्हणाले. मिस्त्रीनेही ते म्हणू दिलं.

पण त्याला कळलं होतं. ठोकण्याचा आवाज त्याने ऐकला होता. त्याला वाटलं, आपण कामावर आहोत, पलीकडे जोडीदार खिळे मारतोय. ठोकतोय तर ठोकू दे, म्हणून त्याने कूस बदलली होती.

दार परत चौकटीत बसलं.

"आतून लावून बघा," नर्सबाई म्हणाली. मिस्त्रीने आत येऊन दार लावलं. ते आवाज न करता मिटलं.

"निघतो मी," तो पिशवी उचलत म्हणाला.

नर्सबाई जवळ आली आणि फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "मिस्त्री, वास मला तुम्ही आल्या आल्याच आला होता. म्हटलं, आधी दार तरी करून घ्यावं. बसा आता."

"मी कामालाच आलो होतो."

"आम्ही सगळे असंच काहीतरी सांगत आलो."

तेवढ्यात दारावर थाप पडली.

मिस्त्रीच्या हातून पिशवी सुटली. पटाशी खणकन फरशीवर पडली. त्याने झडप घालून दार असं ओढलं की बैठकीला उशिरा आलेला एक ड्रायव्हर तोल जाऊन थेट आतच आला.

"अहो, हळू! उशीर झाला म्हणून फाशी देता का काय?"

मिस्त्रीचा हात कडीवरून निघेना.

"मला ऐकू आलं होतं," तो म्हणाला.

"म्हणून तर उघडलंत," ड्रायव्हर हसला.

"आत्ताचं नाही. तेव्हाचं."

कुणी हसलं नाही. नर्सबाईने एक खुर्ची थोडी पुढे ओढली. मिस्त्री पटाशी न उचलताच खुर्चीवर जाऊन बसला.